गळतीचा आवाज

रात्री दोनला उदगीर झोपतं
तेव्हा जमिनीखालचं बोलायला लागतं.
रेवणअप्पा रस्त्यावर गुडघे टेकतो,
सळईचं एक टोक डांबरावर,
दुसरं कानाला.
मी टॉर्च धरून उभी, काखेत नोंदवही.
कुत्री भुंकून भुंकून कंटाळलेली.

"काय म्हणतंय?"
"थांबा मॅडम, कुजबुजायलंय."

आमचं पाणी चढाचं.
धरण खाली, गाव वर,
मध्ये दोन पंपघरं
पालिकेची तिजोरी पीत बसलेली.
शंभर घागरी वर चढवल्या
तर एक्केचाळीस वाटेतच सांडतात.
हे कागदावरचं.
खरं काय ते ह्या कानाला ठाऊक.

परळीला कोळसा जळतो, तेव्हा इथं पंप फिरतो.
आणि एका उन्हाळ्यात परळीचेच संच थांबले होते,
पाणी नाही म्हणून.
प्रशिक्षणात ह्याला मोठं नाव होतं, पडद्यावर बाण काढलेले.
रेवणअप्पाला सांगितलं, तर म्हणाला,
"सासू रुसली, सून रुसली, चूल थंडी."

हजार लिटरला अर्धं युनिट,
अर्ध्या युनिटला अर्ध्या किलोला थोडा कमी धूर.
धूर किलोवर मोजतात
हे मी आईला सांगितलं.
ती कितीतरी वेळ हसत राहिली,
मग डोळे पुसले. जुनी सवय.

आता पंपघरावर सौर पाट्या आल्यात.
दिवसा ढवळ्या पंप उन्हावर चालतो,
बिल जरा खाली बसलंय.
फक्त धूळ बसली की पाट्या धुवाव्या लागतात,
आणि धुवायला पाणी लागतं.

बिदर रोडला, वडारांच्या पालांपाशी
सळई टेकवायची गरजच पडली नाही.
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी चमकत होतं,
बिडाच्या पाइपाला तारेनं बांधलेला पत्र्याचा अर्धा डबा,
त्याखाली घागर, तिच्यामागं घागर,
बिनमाणसाची रांग
नंबर धरून झोपलेली.

"ह्या कानानं मला कमी ऐकू येतं,"
रेवणअप्पा म्हणाला.
"कधीपासून?"
"अकरा वर्षं झाली असतील."

पालातून तिमव्वा बाहेर आली, पदर सावरत.
"बंद कराया आलाव का?"
मी काही बोलले नाही.
"हा चर माझ्या आज्यानं खोदला.
पाइप पुरला, माती लोटली, मजुरी घेतली.
आमच्या नावचा नळ तेवढा राहून गेला."

वहीत रकाने आहेत:
ठिकाण. तीव्रता. दर तासाला वाया.
वाया ह्या शब्दापाशी
माझं पेन अडलं.
शाई होती, तरी अडलं.

त्या रात्री आम्ही नुसता तास मोजला
आणि परत आलो.

मग फाइल.
जागेचा उतारा नाही, कराची पावती नाही,
फाइल तीनदा परत आली.
चौथ्यांदा साहेब रजेवर होते
आणि प्रभारींनी वाचता वाचता सही केली.

सांधा बदलला. डबा काढला.
चार पावलांवर एक तोटी उभी राहिली,
तिला मीटर, मीटरला झाकण.
महिन्याची युनिटं घटली,
मुख्याधिकाऱ्यांनी सौर पाट्यांपुढं फोटो काढला.
फोटोत रेवणअप्पा नव्हता.
तो त्याच आठवड्यात निवृत्त झाला,
जाताना सळई देऊन गेला, फडक्यात गुंडाळून.
"कान हळूहळू शिकतो," म्हणाला.
"आणि कधी बहिरं व्हायचं, तेही."

काल रात्री मी एकटीच गेले.
तोटीजवळ सळई टेकवली, श्वास धरला.
तीच कुजबूज.
तेच पाणी, तेवढंच.
नुसता वहीतला रकाना बदललेला.

पहाटे तिमव्वानं मीटरचं झाकण उघडून दाखवलं,
"बघा, माझा आकडा."

सहाला पाट्या धुवायच्यात.
बादली कुठून भरायची
ते अजून ठरलेलं नाही.